अनुमानाखाली झोपू नको

तायडे मामांची पांढरी, चौकोनी गाडी पेट्रोल पंपात वळली की मागच्या रांगेतले जाणते लोक इंजिन बंद करतात आणि खाली उतरून पाय मोकळे करू लागतात. नवखे लोक हॉर्न वाजवतात. हॉर्नचा मामांवर काही परिणाम होत नाही, हे त्यांना लवकरच कळतं. मामा सावकाश उतरतात, शर्टाच्या खिशातून गाळणकागद काढतात आणि पंपावरच्या माणसाला म्हणतात, "एक थेंब." थेंब कागदावर पडतो. तो उडून जाईपर्यंत मामा कागद उजेडाकडे धरून बघत राहतात. डाग राहिला नाही की मान हलते. मग घनता. काचेचं उंच भांडं, त्यात तरंगणारा हायड्रोमीटर, शेजारी थर्मामीटर आणि तापमानाप्रमाणे आकडा दुरुस्त करायचा तक्ता. तो आकडा पंपाच्या सकाळच्या नोंदीशी जुळला की मामा गाडीतून एक लांबट वही काढतात, सगळं लिहितात आणि रांगेतल्या कुठल्याही अनोळखी माणसापुढे ती वही धरतात.

"साक्षीदार म्हणून सही करा."

त्या वहीत कोण कोण साक्षीदार आहेत म्हणून सांगू! बकऱ्यांचा व्यापारी आहे, नांदुऱ्याला निघालेला विमा एजंट आहे, दोन पोलीस आहेत आणि एक चक्क नवरदेव आहे. मुंडावळ्या बांधलेला, मुहूर्त टळत चाललेला. त्याची गाडी नेमकी मामांच्या मागे अडकली. वऱ्हाडी खवळले. नवरदेव मात्र समजूतदार निघाला. त्याने उतरून सही केली. त्या पानावर सहीशेजारी हळदीचा अंगठा उमटलाय आणि नावापुढे मामांच्या टपोऱ्या अक्षरात 'नवरदेव' असा हुद्दा लिहिलाय.

पंपाचा मॅनेजर पहिल्या वर्षी चिडायचा. गिऱ्हाइकाने मागितलं तर हे सगळं दाखवावंच लागतं, त्यामुळे त्याला बोलायची सोय नव्हती. आता तोही सरावलाय. मला एकदा म्हणाला, "मॅडम, मामाच्या गाडीत महिन्याले पाच लिटर पेट्रोल जाते, न् तेवढ्यात माह्यं पाच किलो वजन जाते."

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. आमच्याकडे कॉलेजात शिपाई, प्रयोगशाळेतला परिचर, घंटा देणारा, या सगळ्यांना मामा म्हणायची पद्धत आहे. तायडे मामा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. मी मराठी शिकवते. आमचं गाव जळगाव जामोद. बाहेरगावी नुसतं जळगाव म्हटलं की लोक खानदेशातलं समजतात आणि केळीचा भाव विचारतात, म्हणून जामोद हा शब्द आम्ही जरा दाबून उच्चारतो. मामा निवृत्त झाले, आणि योगायोगाने माझ्याच गल्लीत, समोरच्या घरात राहायला आले. त्याच सुमारास कॉलेजातल्या एका निवृत्त प्राध्यापकांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी त्यांनी विकत घेतली. माझ्या शांत आयुष्याचा शेवट तिथून सुरू झाला.

गाडीची निगा राखणं म्हणजे मामांच्या लेखी प्रॅक्टिकल. तुम्ही-आम्ही गाडीचं बॉनेट उघडतो, आत बघतो, काही कळत नाही म्हणून बंद करतो. मामा आधी अंगणात एक फळा टांगतात. त्यावर चार शब्द खडूने लिहिलेले असतात: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साहित्यात पान्यांचे नंबर, वाळूची बादली, फडकं आणि लाकडाचे दोन ठोकळे. कृतीला सुरुवात करण्याआधी मोठ्याने वाचन होतं. इंजिन गार झालं का? झालं. चाकाच्या मागंपुढं ठोकळे लावले का? लावले. बॅटरीची काळी तार पयले काढली का? काढली. आजूबाजूले कोनी बिडी पिऊन राह्यलं का? हा शेवटचा प्रश्न गल्लीकडे तोंड करून, वरच्या पट्टीत. आमच्या गल्लीतल्या दोन जणांची बिडी या प्रश्नाच्या धास्तीने सुटली.

"मामा," मी एकदा म्हटलं, "नुसतं ऑइल तर बदलायचंय."

"मॅडम, नुसतं अॅसिडच तं ओतायचं हाय, असं म्हनणाऱ्या एका सरांची पँट मी पाह्यली हाय. खाली काही उरलं नव्हतं."

कोणीही कसलंही मत ठोकून दिलं की मामांचा प्रश्न ठरलेला: "हे निरीक्षण हाय का अनुमान?" पाऊस येणार म्हटलं, तरी हेच. अमका उमेदवार पडणार म्हटलं, तरी हेच. आमचे सासरे गाडीला हात लावून "गरम वाटतेय" म्हणाले, तर मामांनी त्यांना थर्मामीटर आणून दिला. सासऱ्यांनी त्यानंतर आठ दिवस आमच्या ओट्यावर बसणं सोडलं.

मी नवी गाडी घेतली तेव्हा मला वाटलं, आपण गाडी घेतली. प्रत्यक्षात ती मामांनी ताब्यात घेतली. पहिल्याच आठवड्यात मी नांदुऱ्याच्या रस्त्यावर महागातलं, जाहिरातवालं पेट्रोल भरून ऐटीत घरी आले. गाडी नवी, तर खुराकही चांगला हवा, असा माझा सरळ हिशेब होता. मामांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला बोट ठेवलं.

"लेबल वाचलं का?"

नव्हतं वाचलं. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक तर मी प्लास्टिकमधून बाहेरही काढलं नव्हतं. मी मराठीची प्राध्यापक. आयुष्यभर पोरांना 'मूळ संहिता वाचा, गाइड वाचू नका' म्हणून ओरडत आलेली. मामांनी माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच गाडीचं पुस्तक मला मोठ्याने वाचायला लावलं.

"आता सांगा, ऑक्टेन किती लिहेल हाय?"

"एक्क्याण्णव."

"न् तुम्ही टाकलं सत्त्याण्णव. काऊन?"

"जास्त ताकदीचं म्हणून."

"ताकद नाई ते, मॅडम. इंजिनात दाब पडला का पेट्रोलनं ठिणगीची वाट पाह्याची. ठिणगीच्या पयलेच भडकलं तं इंजिन ठोकते. ऑक्टेन म्हंजे किती वेळ दम धरते, तेवढंच. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याले जास्त दमाचं लागते. तुमच्या गाडीले एक्क्याण्णव पुरते. सत्त्याण्णव टाकून ते काही प्राचार्य होत नाई."

मग दुसरा धडा इथेनॉलचा. हल्ली आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. माझी गाडी नवी, तिला ते चालतं. तसं पुस्तकात लिहिलंय. मामांच्या गाडीच्या जन्माच्या वेळी ही भानगडच नव्हती. म्हणून त्यांनी तिच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या बसवल्या. दर पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतात, कारण टाकी रिकामी राहिली की आत ओल धरते, आणि इथेनॉलला पाण्याचं भारी प्रेम. आठवड्यातून एक दिवस गाडी आसलगावपर्यंत नेऊन परत आणतात. तिथे काम काही नसतं. फाट्यावर गाडी वळवायची, इंजिनचा आवाज ऐकायचा आणि घरी येऊन वहीत लिहायचं.

यावर आमच्या काकूंचं, म्हणजे मामांच्या बायकोचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. "छत्तीस वर्षांत ह्या मानसानं मले साडी कोनत्या रंगाची घेतली ते ह्याईले सांगता येनार नाई. पण गाडीच्या नळीले बारीक चीर पडली तं रात्रीचं जेवन जात नाई."

तरी मामांना नुसतं गाडीवेडं समजू नका. त्यांना चिंता असते ती माणसाची. आमच्या बसस्टँडमागे एक गॅरेज आहे. तिथला मिस्त्री हाताचा चांगला, पण अंगात बेफिकिरी. एकदा मी आणि मामा तिथे गेलो, तर मिस्त्रीचे फक्त दोन पाय दिसत होते. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली आणि हा खाली पाठीवर झोपून काम करतोय. मामा वाकले, दोन्ही घोट्यांना धरलं आणि मिस्त्रीला कणसासारखं सरळ बाहेर ओढलं.

मिस्त्री भडकला. "मामा, काय करून राह्यले! वीस वर्षं झाली मले. एक डाव बी जॅक सटकला नाई!"

"वीस वर्षं सटकला नाई, हे झालं निरीक्षण," मामा म्हणाले. "आजबी सटकनार नाई, हे अनुमान. अनुमानाखाली झोपू नको, बापू. लोखंडी स्टँड लाव, मंग जा."

मिस्त्रीने तोंड वाकडं केलं, पण स्टँड लावला. आज त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर हे वाक्य ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. खाली कुणाचं नाव नाही. येणारी-जाणारी माणसं ते एखाद्या संताचं वचन असावं अशा गंभीरपणे वाचतात, आणि मला दर वेळी आमच्या गल्लीचा अभिमान वाटतो.

तर अशा या माणसाला कॉलेजात बोलवायचं माझ्या डोक्यात आलं. निमित्त होतं मुलींच्या कार्यशाळेचं. आमच्या मुली आता स्कूटीवर येतात, काही जणी घरची चारचाकीही चालवतात. गाडी चालवणं शिकवणारे पुष्कळ, तिची निगा शिकवणारं कोणी नाही. एक दिवसाची कार्यशाळा ठरली: कुठलं पेट्रोल भरायचं, पंपावर काय तपासायचं, घरी काय करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही. मी बैठकीत तायडे मामांचं नाव सुचवलं.

रसायनशास्त्राचे विभागप्रमुख देशमुख सर चष्मा पुसायला लागले. माणूस सज्जन, वयाने माझ्याहून लहान. मामांच्या हाताखाली ते शिकले नव्हते, पण नोकरीतली त्यांची पहिली दहा वर्षं मामांच्या हाताच्या भरवशावर निघाली. "मामांना माहिती खूप आहे, मॅडम. पण ते बोलतील का? मी त्यांना वर्गासमोर कधी तोंड उघडताना पाहिलं नाही."

मी हसले. जो माणूस पंपावर नवरदेवाला उतरवतो, तो बोलणार नाही?

पण घरी येऊन मामांना सांगितलं आणि माझं हसू गेलं. मामांचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्ही बोला. मी मांगून सामान काढून देतो."

"मला काय येतंय त्यातलं?"

"मी लिहून देतो. तुम्ही वाचा. मले त्या बाजूले उभं राहता येत नाई."

'त्या बाजूला' म्हणजे टेबलाच्या पुढे, मुलांकडे तोंड करून. तेव्हा मला आठवलं, आणि देशमुख सरांचं म्हणणं पटलं. सगळी नोकरी मामा टेबलाच्या मागे, कपाटाच्या बाजूला उभे असत. मुलांशी बोलत ते खाली मान घालून, एकेकट्याशी, कानाजवळ. "पोरी, नळी तोंडाकडे धरू नको." "बेटा, अॅसिड पान्यात टाक, पानी अॅसिडात नको." प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कुणाचं काही चुकलं, घाम फुटला, तर मामा जवळून जाताना बरोबर आकडा हळूच सांगून जात. प्रत्येक कॉलेजात अशी पुण्याई करणारा एक मामा असतो. पण सगळ्या वर्गाला उद्देशून एक वाक्य? छे. मोकळ्या रस्त्यावर वाघ असलेला हा माणूस मुलांनी भरलेल्या बाकांसमोर का गप्प होतो, ते मला काही केल्या कळेना. मी विचारलं, तर "सवय नाई" एवढंच उत्तर.

मी हट्टाला पेटले. तुम्ही नाही तर कार्यशाळा नाही, म्हणून सांगून टाकलं. मामा तीन दिवस माझ्या घराकडे पाठ करून बसले. चौथ्या दिवशी काकू आल्या. "हाव म्हनते. पण तुम्ही समोर बसाचं, म्हनते."

पुढचे पंधरा दिवस तालीम चालली. काकूंना विद्यार्थिनी म्हणून अंगणात स्टुलावर बसवलं जाई. मामा त्यांच्यासमोर पेट्रोल, प्लग, ब्रेकचं तेल, गरम रेडिएटरचं झाकण काऊन उघडाचं नाई, नळी तोंडानं ओढून पेट्रोल काऊन काढाचं नाई, जुनं ऑइल नालीत काऊन फेकाचं नाई, हे सगळं अस्खलित सांगत. काकू कंटाळून मटार सोलायला घेत, तर मामा थांबून म्हणत, "मांगच्या बाकावर काय चाललं?" काकू मला म्हणाल्या, "बाप्पा, आता गाडी बंद पडली तं मीच उघडतो. ह्याईले घरी ठेवतो."

कार्यशाळेचा दिवस उजाडला. मामांची पहिली अट, पेट्रोल खोलीत उघडायचं नाही. म्हणून टेबल बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली मांडलं. दुसरी अट, मोबाइल दूर. चाळीस मुलींचे आणि आमचे सगळ्यांचे फोन एका टोपलीत घालून ऑफिसात गेले. देशमुख सरांना अहवालासाठी फोटो हवे होते, त्यांचाही गेला. त्यामुळे त्या दिवसाचा एकही फोटो नाही. तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. काकू मागच्या खुर्चीत बसल्या. मी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, आणि मामा उठून सरळ टेबलाच्या मागे, सामानाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मुली समोर, टेबल मध्ये, मामांची नजर टेबलावर. एक मिनिट गेलं. लिंबावर खारी पळत होत्या, तेवढाच आवाज. मागच्या बाजूने कुणीतरी फिसकन हसलं. या माणसाला मी ओढून इथे आणलं होतं. आता हा मान खाली घालून निघून गेला, तर परत कधी माझ्या ओट्यावर येणार नाही, आणि चूक सर्वस्वी माझी असेल.

मग मामांचा हात हलला. तोंड नाही, हात. त्यांनी मेजरिंग सिलिंडर उचललं, त्यात पन्नास एमएल पाणी मोजून ओतलं. वरून पन्नास एमएल पेट्रोल. बूच लावलं, हळूच उलटंपालटं केलं, मधेच बूच सैल करून वाफ सोडली आणि सिलिंडर टेबलावर ठेवलं. हाताला ओळखीचं काम मिळालं तसा आवाज फुटला. बारीक होता, पण होता.

"पोरीहो, पेट्रोल पान्यात मिसळत नाई. वर राह्यते. पण त्याच्यात जे इथेनॉल हाय, ते पेट्रोलले सोडून पान्यात जाते. म्हनून पान्याची रेघ वर सरकते. किती सरकली ते वाचाचं. घाई कराची नाई."

आता इथे एक गोम होती. देशमुख सरांनी मुलींना वाटायला एक छापील कागद तयार केला होता. त्यात लिहिलं होतं: पन्नास एमएल पेट्रोलमध्ये वीस टक्के म्हणजे दहा एमएल इथेनॉल, म्हणून पाण्याची रेघ पन्नासावरून साठावर येते. सोपा हिशेब. चाळीस मुलींच्या हातात चाळीस कागद.

मामा वाकले. डोळा रेघेच्या बरोबर पातळीत आणला. बराच वेळ बघितलं. मग उभे राहिले आणि मुलींच्या हातातल्या कागदांकडे बघितलं.

पहिल्या रांगेतून देशमुख सरांनी ओळखलं. माणूस प्रेमाचा. मामांची फजिती होऊ नये म्हणून ते जरा पुढे झुकले आणि तोंडावर हात धरून हळूच म्हणाले, "मामा, साठ. साठ सांगा."

मी ते ऐकलं. मामांनीही ऐकलं. ज्यांनी आयुष्यभर घाबरलेल्या पोरांच्या कानात आकडे सांगितले, त्यांच्या कानात आज विभागप्रमुख आकडा सांगत होते. मामांनी सरांकडे बघून नम्रपणे मान हलवली आणि मुलींकडे वळले.

"एकोणसाठ," ते म्हणाले. आवाज आता मोठा होता. "रेघ एकोणसाठवर हाय. ज्याले पाह्याचं त्यानं येऊन पाह्यावं."

मुली एकेक करून आल्या, वाकल्या, बघून गेल्या. एकोणसाठच होतं. चुळबूळ सुरू झाली, कागद उलटेपालटे झाले. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत पोरगी उभी राहिली. तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "मामा, मंग एक एमएल गेला कुठी?"

मामांचा चेहरा असा झाला की मी खुर्चीतून अर्धी उठले. मला वाटलं, संपलं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. मग त्यांनी पेट्रोलचं सिलिंडर सावकाश बाजूला सरकवलं, खालच्या खोक्यातून स्पिरिटची बाटली काढली आणि टेबलाला वळसा घालून पुढे आले, मुलींच्या बाजूला.

"हे पन्नास एमएल स्पिरिट. वाच, बेटा. पन्नास हाय ना? हे पन्नास पानी. वाच. आता दोन्ही एकात ओततो. किती व्हाले पाह्यजे?"

"शंभर," सगळ्या एका सुरात.

"वाच."

पोरीने वाकून वाचलं. पुन्हा वाचलं. "सत्त्याण्णवच हाय, मामा!"

"हाव. सत्त्याण्णव." मामांनी स्पिरिटची बाटली हातात घेतली. "मी बावीस वर्षांचा होतो. पयली नोकरी, दुसऱ्या कॉलेजात. मले स्पिरिट पातळ करून ठेवाचं काम होतं. शंभर लिहेल बाटलीत दर डाव तीन एमएल कमी भरे. एक दिवस सरांनी भर वर्गात बाटली वर धरली न् मले विचारलं, तीन एमएल कुठी गेलं बे? पेलास काय? सगळा वर्ग हासला. मी आजलोक थेंब घेतला नाई, पोरीहो. तवाबी नाई. मले काही बोलता आलं नाई."

मामांनी सत्त्याण्णवचं सिलिंडर मुलींपुढे धरलं.

"मंग मी वर्षभर, सगळे गेले का, मोजून पाह्यलं. डोये फाडून मोजलं. दर डाव तेवढंच कमी. कोनी पेलं नव्हतं. ते पान्यातच मावते. मोठ्या गोट्याईच्या पोत्यात बारीक वाळू ओतली तं ते मधल्या जागेत जाते ना, तसं. मले समजलं, पण सांगाचं कोनाले? कोनी विचारलंच नाई." त्यांनी त्या पोरीकडे बघितलं. "तू विचारलं."

मी त्यांच्या समोरच्या घरात इतकी वर्षं राहते. पंपावरच्या त्या वहीची मी चारचौघांत टिंगल करत आले. प्रत्येक आकड्यापुढे परक्या माणसाची सही घेणारा हा मनुष्य बावीस वर्षांचा असल्यापासून स्वतःचा खरेपणा सिद्ध करत फिरतोय, हे माझ्या शहाण्या डोक्यात एकदाही आलं नाही. मला माझीच लाज वाटली, आणि त्यांचा अभिमान इतका दाटून आला की टाळ्या वाजवायचं भान राहिलं नाही. मागे वळून पाहिलं, तर काकू पदराने डोळे पुसत होत्या. "मले बी नाई सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या. "छत्तीस वर्षांत एक डाव नाई."

देशमुख सर उभे राहिले. खिशातून पेन काढलं आणि आपल्या कागदावरचा साठ खोडून त्याजागी एकोणसाठ लिहिलं. मग मुलींकडे वळून म्हणाले, "सगळ्यांनी कागद दुरुस्त करून घ्या. चूक माझी आहे. मामांचं वाचन बरोबर आहे." एका विभागप्रमुखाने चाळीस विद्यार्थिनींसमोर असं म्हणायला काय लागतं, ते कॉलेजात नोकरी केलेल्यालाच कळेल. मला त्या दिवशी त्यांचाही अभिमान वाटला.

त्यानंतर मामांना आवरणं कठीण झालं. एका तासाचं व्याख्यान अडीच तास चाललं. मुलींनी प्लग काढले, लावले, डिपस्टिक पुसून ऑइल बघितलं, टायरची हवा मोजली. दोघीचौघींना "हे निरीक्षण हाय का अनुमान?" ऐकावं लागलं. आभार मानायला उठलेल्या प्राचार्यांनाही टेबलापासून चार पावलं दूर उभं राहून आभार मानायला सांगण्यात आलं.

सगळे पांगले. काकू गाडीत जाऊन बसल्या. मी मामांना शोधत प्रयोगशाळेत गेले, तर ते बाह्या दुमडून बेसिनपाशी उभे. उरलेलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून बाहेर सावलीत ठेवलेलं, आणि सिलिंडर, भांडी, बाटल्या ओळीने मांडलेल्या. नळ सुरू.

"अहो मामा, राहू द्या ते," मी म्हटलं. "आज तुम्ही पाहुणे. नवे मामा उद्या धुतील."

"नाई, मॅडम." त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरून आत बघितलं आणि पुन्हा नळाखाली घेतलं. "आजलोक दुसऱ्याच्या प्रयोगाचं काचसामान धुतलं. हे माह्या प्रयोगाचं हाय. हे मले धुऊ द्या."

मी खुंटीवरचं कोरडं फडकं घेतलं आणि पुसायला त्यांच्या शेजारी उभी राहिले. बाहेरून काकूंनी दोनदा हॉर्न वाजवला. मामांनी अजिबात घाई केली नाही.